भूलतज्ज्ञ गेला, थिएटर उरलं

सरकारी डॉक्टरांच्या बदलीचा आदेश एकदा नीट वाचून बघा. त्यात एक तक्ता असतो. अनुक्रमांक, अधिकाऱ्याचं नाव, सध्याची पदस्थापना, बदलीनंतरची पदस्थापना आणि शेवटी शेरा. शेऱ्यात ‘रिक्त पदावर’ नाहीतर ‘अमुक यांच्या जागी’. खाली हुकमाचा परिच्छेद: तात्काळ कार्यमुक्त करावं, रजा मंजूर करू नये, दबाव आणल्यास शिस्तभंगाची कारवाई होईल. मग सही. मग प्रतींची यादी: महालेखापाल, कोषागार अधिकारी, उपसंचालक, जिल्हा शल्य चिकित्सक, निवड नस्ती. या सगळ्या कागदात एका प्रश्नाला जागा नाही. जो डॉक्टर आज उठून जातोय, त्याच्या खुर्चीवर उद्या कोण बसणार?

बदल्यांच्या सगळ्या भांडणांच्या मुळाशी ही खोट आहे. दरवर्षी एप्रिल उजाडला की संघटना निवेदनं देतात, आमदार शिफारसपत्रं देतात, आरोग्य भवनापासून मंत्रालयापर्यंत फायली फिरतात आणि पावसाळ्यात यातली बरीचशी लढाई मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जाऊन पोहोचते. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कुठल्याही खंडपीठात जा. एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला शासन. कधी तिसराही असतो, तो म्हणजे त्याच खुर्चीवर नेमणूक झालेला दुसरा डॉक्टर. ज्या गावातला दवाखाना या भांडणात रिकामा पडलाय, ते गाव मात्र तिथे नसतं. ना अर्जदार म्हणून, ना प्रतिवादी म्हणून.

कायदा नाही असं कुणी म्हणू नये. अण्णा हजारेंच्या आंदोलनाच्या रेट्यात आधी वटहुकूम निघाला, मग 2005 चा बदल्यांचा अधिनियम झाला आणि 1 जुलै 2006 पासून तो लागू आहे. एका पदावर सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा. बदल्या वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात. मध्येच हलवायचं असेल तर कारणं लेखी नोंदवायची आणि वरच्या प्राधिकाऱ्याची मंजुरी आधी घ्यायची. याच अधिनियमाचा दुसरा भाग दप्तरदिरंगाईवर आहे: कुठल्याही कर्मचाऱ्याच्या टेबलावर फाइल कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. बदली आणि दिरंगाई हे दोन रोग एकाच कायद्यात एकत्र घेतले, हे शहाणपणाचंच झालं.

बदली कुणी करायची याचाही तक्ता कायद्यात आहे. गट अ च्या वैद्यकीय अधिकाऱ्याची बदली खात्याचा मंत्री करतो, सचिवांशी सल्लामसलत करून. मुदतीआधी करायची तर फाइल मुख्यमंत्र्यांकडे जाते. म्हणजे गडचिरोलीतल्या लाहेरीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कोण डॉक्टर असावा, हा निर्णय मुंबईत मंत्र्याच्या सहीने होतो. त्या केंद्राचा रोजचा कारभार जिल्हा परिषदेकडे, डॉक्टरची नेमणूक राज्याच्या आरोग्य विभागाकडे, आणि त्याची बायको मेडिकल कॉलेजात प्राध्यापक असेल तर तिची फाइल तिसऱ्याच विभागाकडे, वैद्यकीय शिक्षण खात्यात. पती-पत्नी एकत्रीकरणाचा अर्ज या तीन घरांतून फिरतो आणि तोवर मूल दुसरीत जातं.

अधिनियमाने संरक्षण दिलं ते अधिकाऱ्याला. ते हवंच होतं. एखाद्या सिव्हिल सर्जनने खोटं वैद्यकीय प्रमाणपत्र द्यायला नकार दिला म्हणून चौथ्या महिन्यात त्याला उचलून राज्याच्या दुसऱ्या टोकाला टाकणं हा अन्यायच आहे आणि तीन वर्षांची मुदत त्या अन्यायाच्या आड येते. पण दवाखाना रिकामा ठेवता येणार नाही, असं कलम त्या अधिनियमात नाही. डॉक्टरच्या मुदतीला कायदा आहे, रुग्णाच्या डॉक्टरला नाही.

मुदतपूर्व बदल्यांचे आदेश मॅटमध्ये का पडतात, हे मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्यापासून सगळ्यांना पाठ आहे. सर्वोच्च न्यायालयाने शिल्पी बोस खटल्यापासून पुन्हा पुन्हा सांगितलंय की बदली हा नोकरीचा भाग आहे; दुष्ट हेतू दिसत नसेल किंवा वैधानिक नियम मोडला नसेल तर न्यायालयाने त्यात पडू नये. महाराष्ट्रात नियम वैधानिकच आहे. तेव्हा ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढंच लिहून, कारणं न नोंदवता, मंजुरी न घेता कुणाला हलवलं की न्यायाधिकरणाला हात घालावाच लागतो. 2013 च्या टी. एस. आर. सुब्रमणियन निकालानंतर नागरी सेवा मंडळंही आली. त्यांनी शिफारस करायची, नोंद ठेवायची, मग मंत्र्याने निर्णय घ्यायचा. एवढी पायरीसुद्धा चुकवली जाते. सरकारकडे विधी सल्लागार आहेत, नमुना टिप्पण्या आहेत, वर्षानुवर्षांचे निकाल आहेत. तरीही जो आदेश टिकणार नाही तोच काढला जात असेल, तर त्याचा अर्थ सरळ आहे: कुणाला तरी त्या आठवड्यात ती खुर्ची हवी होती, पुढचं पुढे बघू असं ठरलं होतं.

पुढचं काय होतं ते जिल्ह्यात बघायला मिळतं. जाणाऱ्या डॉक्टरला एकतर्फी कार्यमुक्त केलं जातं. येणारा त्याच दिवशी दुपारच्या आत रुजू होतो, कारण उशीर झाला तर स्थगिती येईल. जाणारा नव्या ठिकाणी न जाता मॅटमध्ये जातो आणि ‘जैसे थे’ घेऊन परततो. आता एका खुर्चीवर दोन डॉक्टर, हजेरीपटावर दोघांच्या सह्या, आणि पगार कुणाचा काढायचा म्हणून कोषागाराला पत्र. जिथे जाणारा पोहोचायचा होता ते रुग्णालय रिकामं. जिथून येणारा आला तेही रिकामं. एका आदेशाने दोन रुग्णालयं बिनडॉक्टरची केली आणि तिसऱ्यात भांडण लावलं. निकाल लागला तरी 1997 च्या एल. चंद्रकुमार निकालापासून मॅटच्या वर उच्च न्यायालय आहेच. या सगळ्यात डॉक्टर अर्जित रजेवर, नाहीतर वैद्यकीय रजेवर.

मी डॉक्टरांना झोडपायला बसलेलो नाही. ‘डॉक्टरांना खेड्यात जायला नको’ हे वाक्य आपल्याकडे इतक्यांदा म्हटलं जातं की त्यामागचा हिशेब कुणी तपासतच नाही. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्याला एकस्तर पदोन्नतीची वेतनश्रेणी मिळेल, मुदत संपली की पसंतीच्या ठिकाणी प्राधान्याने नेमणूक मिळेल, हे शासनानेच 2002 च्या निर्णयात लिहून दिलंय. पगाराचा भाग मिळतो. परतीचा भाग अडतो. तीन वर्षं सिरोंचा किंवा धडगाव करून डॉक्टर विनंती अर्ज करतो, पसंतीची तीन ठिकाणं लिहितो, आणि उत्तर येतं की पर्यायी व्यवस्था झाल्याशिवाय कार्यमुक्त करता येणार नाही. पर्यायी व्यवस्था होत नाही. चौथं वर्ष जातं, पाचवं जातं. त्याच्याबरोबर लागलेला, पण एकदाही घाट न चढलेला सहकारी जिल्ह्याच्या गावी बंगला बांधतो. दुर्गम भागात गेलेला माणूस तिथेच अडकतो आणि न गेलेल्याचं काही बिघडत नाही, हे एका बॅचने पाहिलं की पुढच्या बॅचचा प्रत्येक डॉक्टर पहिल्या आदेशापासून मॅटचा वकील शोधतो. तो आळशी नाही. त्याने वडीलधाऱ्या सहकाऱ्यांचं काय झालं ते पाहिलंय.

इथे एक खरा पेच आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. मी वर म्हटलं की रिकाम्या खुर्चीचा विचार आदेशात हवा. मग ‘पर्यायी डॉक्टर येईपर्यंत जुना सोडू नका’ हा नियम त्यासाठीच तर आहे ना? नाही. तो नियम रिकाम्या खुर्चीचं ओझं त्या खुर्चीवर प्रामाणिकपणे बसलेल्या माणसाच्या डोक्यावर टाकतो. पर्यायी माणूस आणणं हे काम त्याचं नाही. ते आदेशावर सही करणाऱ्याचं आहे. जोवर पर्याय न आल्याची शिक्षा सही करणाऱ्याला होत नाही आणि राबणाऱ्याला होते, तोवर पर्याय येणार नाही. म्हणून माझी मागणी वेगळी आहे: जाणाऱ्याचा आणि येणाऱ्याचा आदेश एकाच कागदावर, एकाच तारखेला. येणारा तीस दिवसांत रुजू झाला नाही तर जाणारा आपोआप मोकळा, आणि ती खुर्ची चालवायची जबाबदारी उपसंचालकांच्या मंडळावर. राज्यात अशी आठ मंडळं आहेत. ठाण्यापासून नागपूरपर्यंत प्रत्येक मंडळाच्या गावी आणि जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये जे डॉक्टर आहेत त्यांनी पाळीने जावं, उपसंचालकांनी त्या पाळीचा कागद स्वतःच्या सहीने काढावा.

आता मुद्द्याचा गाभा. बदली माणसाची होते, पण रुग्णालयातलं काम जोडीचं असतं. एक बैल विकला की दुसऱ्याला दावणीला बांधून ठेवावं लागतं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. आरोग्य विभागाला मात्र वीस वर्षांत उमगलेलं नाही.

रात्रीचे दोन वाजलेत असं समजा. ठिकाण एखादं उपजिल्हा रुग्णालय. बाळंतपणाच्या खोलीत पहिलटकरीण आहे, कळा सुरू होऊन बारा तास झालेत आणि बाळाच्या हृदयाचे ठोके घसरायला लागलेत. स्त्रीरोगतज्ज्ञ आवारातल्या क्वार्टरमध्येच राहतात, पाच मिनिटांत पोहोचतात. पोट तपासतात, ठोके ऐकतात. सिझर करायला हवं हे त्यांना कळलंय. अशा वेळी निर्णयापासून अर्ध्या तासात बाळ बाहेर यावं, असं वैद्यकाचं मोजमाप आहे. थिएटर आहे. टेबल आहे, वर दिवा आहे, निर्जंतुक केलेले ड्रम कपाटात आहेत. भुलीचं मशीन कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या कव्हराखाली आहे. पाठीच्या कण्यात भूल द्यायचं औषधसुद्धा आहे, त्याची मुदत अजून संपलेली नाही. ती द्यायला माणूस नाही. भूलतज्ज्ञाची मे महिन्यात बदली झाली, विनंतीवरून, सगळ्या नियमांत बसवून. त्याच्या जागेवर कुणी आलेलं नाही. सिस्टर 108 ला फोन लावतात. डॉक्टर रेफर चिठ्ठी लिहितात आणि कारणाच्या ओळीत लिहितात: भूलतज्ज्ञ उपलब्ध नाही.

ती चिठ्ठी बदली आदेशाला टाचून वाचली पाहिजे. आदेशात दिसतं की एक पद एका ठिकाणाहून दुसरीकडे गेलं. चिठ्ठीत दिसतं की एक नाही, दोन पदं गेली. कारण भूलतज्ज्ञ नसलेल्या रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ फक्त तपासण्या आणि साधी बाळंतपणं करू शकते. तिने पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षं जे हातात कमावलं ते तिथे वापरता येत नाही. विभागाच्या तक्त्यात ती ‘भरलेलं पद’ असते. रिक्त पदांच्या टक्केवारीत ती दिसत नाही. डिसेंबर 2024 मध्ये विधिमंडळापुढे आलेल्या कॅगच्या अहवालाने राज्यातल्या रिक्त पदांवर बोट ठेवलं ते बरोबरच होतं. पण जी पदं भरलेली असून निकामी आहेत त्यांची मोजदाद सुरू केली तर अधिकच लाज वाटेल.

हे काही नव्याने सुचलेलं नाही. तातडीचं बाळंतपण करू शकणाऱ्या रुग्णालयाला सरकारी कागदात फर्स्ट रेफरल युनिट म्हणतात आणि त्याच्या अटी स्पष्ट आहेत: चोवीस तास सिझरची सोय, नवजात बाळाची देखभाल, रक्त साठवण्याची सोय. यातली प्रत्येक अट माणसांवर उभी आहे. भूलतज्ज्ञांची वानवा आहे हे ओळखून केंद्र सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना, सुरुवातीला अठरा आठवड्यांचं, जीव वाचवण्यापुरती भूल देण्याचं प्रशिक्षण सुरू केलं. योजना शहाणी होती. पण असा शिकवलेला डॉक्टर पुढच्या मे महिन्यात जिथे थिएटरच नाही अशा प्राथमिक केंद्रात बदलून गेला, तर त्याचे अठरा आठवडे वाया आणि ज्या रुग्णालयासाठी तो शिकला तेही बंद. बदलीच्या तक्त्यात त्याचं नाव ‘वैद्यकीय अधिकारी, गट अ’ एवढंच असतं. त्याच्या हातात काय कौशल्य आहे याचा उल्लेख नसतो. एमडी, एमएस झालेले डॉक्टर प्राथमिक केंद्रात सर्दी-खोकल्याची ओपीडी काढत बसतात ही तक्रार याच पोटातली.

पुण्या-नाशकाजवळच्या तालुक्याला यावर उपाय निघतो. गावातला खासगी भूलतज्ज्ञ बोलावतात, केसमागे मानधन देतात. जिथे असा माणूस गावातच नाही तिथे काय? धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास. मधे मेळघाटचा घाट. रात्री, पावसात, तीन-चार तास. भामरागडहून गडचिरोली त्याहूनही लांब. वर सांगितलेल्या अर्ध्या तासाशी हे तास ताडून बघा.

मेळघाटचा विषय निघालाच आहे तर तिथली व्यवस्थाही सांगितली पाहिजे. 1993 च्या बालमृत्यूंनंतर राज्य हललं, 1995 मध्ये नवसंजीवन योजना आली, 2007 पासून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका चालू आहे आणि न्यायालय पुन्हा पुन्हा विचारतं की तज्ज्ञ डॉक्टर कुठे आहेत. सरकारचं उत्तर वर्षानुवर्षं एकच राहिलं: बाहेरच्या जिल्ह्यांतले स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ पंधरा-पंधरा दिवसांच्या पाळीने पाठवतो. पाठवतात, हे खरं. आलेला डॉक्टर मन लावून काम करतो, हेही खरं असू शकतं. पण एका गरोदरपणात असे अठरा पंधरवडे असतात. पहिल्या तपासणीला रक्तात लोह कमी आहे म्हणणारा डॉक्टर वेगळा, सातव्या महिन्यात रक्तदाब बघणारा वेगळा, आणि बाळंतपणाच्या रात्री कोण असेल ते त्या बाईला माहीत नाही. कोरकू आदिवासी बाईला नवऱ्यादेखत नव्या मराठी डॉक्टरशी बोलायला अवघड वाटतं. तो डॉक्टर चार कोरकू शब्द शिकतो तोवर त्याची बॅग भरायची वेळ येते. मग ती घरीच बाळंत होते आणि आपण म्हणतो, आदिवासी दवाखान्यात येत नाहीत. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे बैरागडला राहिले म्हणून लोक त्यांच्याकडे आले. त्यांच्याइतका त्याग सरकारी नोकराकडून मागायची गरज नाही. तीन वर्षं सलग राहा, मग तुमच्या हक्काच्या ठिकाणी जा, आणि तुम्ही निघायच्या आत दुसरा आलेला असेल: एवढा करार सरकारने पाळला तरी पुष्कळ झालं.

प्रतिनियुक्तीवर दोन शब्द. नेमणूक दुर्गम केंद्रात, पगार त्या केंद्राच्या पदावर, काम मात्र तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी. तोंडी आदेशावर, ‘पुढील आदेश होईपर्यंत’. ही सवय सगळ्यांच्या सोयीची आहे: डॉक्टर घराजवळ, अधिकाऱ्याला कार्यालयात माणूस, तक्त्यात पद भरलेलं. गैरसोय फक्त केंद्रात ताप अंगावर घेऊन बसलेल्याची. मैदानी भागात तीस हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येला एक प्राथमिक केंद्र असावं, असं प्रमाण आहे. एका प्रतिनियुक्तीने किती लोकांचा डॉक्टर उचलला, ते त्यावरून कळेल. अशी प्रत्येक प्रतिनियुक्ती तीन महिन्यांनी आपोआप रद्द व्हावी आणि वाढवायची तर जिल्हा परिषदेच्या सभेत नावासकट ठराव व्हावा.

दुर्गम कुठलं गाव, हे ठरवण्यावरूनही भांडणं होतात आणि त्यात डॉक्टरांचा रस समजण्यासारखा आहे. पदव्युत्तर प्रवेशात दुर्गम भागातल्या सेवेच्या प्रत्येक वर्षाला दहा टक्के, जास्तीत जास्त तीस टक्के वाढीव गुण देण्याची तरतूद केंद्रीय नियमांत होती. ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राज्यांना सेवेतल्या डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागा राखण्याचा अधिकार मान्य केला आणि महाराष्ट्राने 2022 मध्ये वीस टक्के जागा ठेवल्या. चांगलं झालं. खेड्यात काम केलेल्या डॉक्टरला शिकायला मिळालंच पाहिजे. पण तो शिकायला गेला की त्याच्या जागेवर कोण, आणि शिकून आल्यावर त्याला जिथे ते शिक्षण वापरता येईल तिथेच नेमणार का, हे प्रवेशाच्या वेळीच लिहून व्हायला हवं. सध्या अशी भोकं बंधपत्रित डॉक्टरांनी बुजवली जातात. एमबीबीएसनंतर एक वर्षाची बंधनकारक सेवा. बाकीची भोकं अकरा महिन्यांच्या कंत्राटांनी. वर्षभरात निघून जाणाऱ्या डॉक्टरांच्या जिवावर तालुका चालवायचा आणि कायम डॉक्टरांच्या फायली मॅटमध्ये ठेवायच्या, ही व्यवस्था मला मान्य नाही.

आणि आता शिक्षेची बदली. एखाद्या रुग्णालयात आग लागते, बाळं जातात, गावात मोर्चा निघतो. दुसऱ्या दिवशी बातमी येते की अमक्याची बदली केली. कुठे केली? लांब, गैरसोयीच्या ठिकाणी. ज्या डॉक्टरवर निष्काळजीपणाचा ठपका आहे तो त्या लांबच्या गावातल्या लोकांना चालेल, असं सरकारला का वाटतं? चौकशी करा, दोषी असेल तर निलंबित करा, बडतर्फ करा. निर्दोष असेल तर आहे तिथे राहू द्या. गडचिरोली आणि नंदुरबार हे तुरुंग नाहीत. तिथल्या माणसांनी कुठला गुन्हा केलेला नाही. जोवर मंत्रालयात ‘तुला गडचिरोलीला टाकतो’ ही धमकी म्हणून वापरली जाते, तोवर तिथे जायला तयार असलेला डॉक्टरसुद्धा आपली मान खाली गेली असं समजेल.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांच्या बदल्या 2017 पासून संगणकावर आल्या. अवघड क्षेत्र, सोपं क्षेत्र, सेवेची वर्षं, आजारपण, पती-पत्नी, सगळ्याचे संवर्ग ठरले. शिक्षकांची त्यावरही भांडणं आहेत, पण किमान रिकाम्या जागांची यादी सगळ्यांना दिसते. शेजारच्या कर्नाटकाने तर वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या बदल्यांसाठी 2011 मध्ये स्वतंत्र कायदाच केला. आपल्याकडेही समुपदेशनाचा, म्हणजे डॉक्टरांना बोलावून रिकाम्या जागांतून निवड करू देण्याचा प्रयोग मधूनमधून होतो; पण उघड यादी आधी आणि मंत्र्याची सही नंतर, हा क्रम कायम कधी होणार? नुसता संगणक आणूनही भागणार नाही. संगणकाला जोडी शिकवावी लागेल: स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ हे तिघे एका ओळीत, आणि एकाचं नाव हललं की उरलेल्या दोघांसमोर लाल खूण.

हे सगळं करायला नवा पैसा लागत नाही, नवी इमारत लागत नाही. 31 मार्चच्या आत विभागाने प्रत्येक जिल्ह्याची एक यादी जिल्हा परिषदेच्या आणि पंचायत समितीच्या फलकावर लावावी. सिझर होऊ शकेल असं रुग्णालय कुठलं, तिथे भूल कोण देतं, त्याची तीन वर्षं कधी भरतात, त्याच्या जागी कोण येणार. ज्या रुग्णालयापुढे यादीतला शेवटचा रकाना कोरा असेल तिथल्या बदल्या आधी ठरवाव्यात, पुण्या-ठाण्याच्या बदल्या त्यानंतर.

आमदारांना एक थेट विनंती. सरकारी नोकराने बदलीसाठी बाहेरचं वजन वापरू नये, असं 1979 चे वर्तणूक नियम सांगतात. तरी तुमची पत्रं दर मे महिन्यात जातात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. यंदा डॉक्टरसाठी पत्र देऊ नका. तुमच्या मतदारसंघातल्या ज्या थिएटरात भुलीचं मशीन कव्हराखाली आहे त्या रुग्णालयासाठी द्या, आणि मंत्र्यांचं उत्तर आलं की ते ग्रामसभेत वाचून दाखवा.